स्फटिकाने न्यूट्रॉनची ऊर्जा मोजताना आकडा सरकतो तेव्हा

ठरावीक तक्रार अशी असते. स्फटिक कोनात बसवलाय, डिटेक्टर त्याच्या दुप्पट कोनावर आहे, ब्रॅगच्या सूत्रात आकडे घालून ऊर्जा काढली आहे, तरीही ओळखीच्या पदार्थाचा रेझोनन्स (ज्या ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन तो पदार्थ खूप शोषतो ती जागा) पुस्तकातल्या जागी येत नाही. इंडियमची पट्टी शलाकेत धरली की १.४५७ ईव्हीवर (इलेक्ट्रॉन-व्होल्टवर) खड्डा दिसायला हवा. तो १.४० च्या आसपास दिसतो. मग कुणीतरी कोनात थोडी भर घालतं, इंडियम जागेवर येतो, सगळे खूश. काही दिवसांनी थर्मल ऊर्जेवर (ईव्हीच्या काही शतांशांवर) काम सुरू होतं आणि पुन्हा आकडा चुकलेला. पुन्हा भर, पुन्हा वजाबाकी, आणि वहीत दुरुस्त्यांची अशी यादी की कुठली कशासाठी केली होती हे कुणालाच आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की एका बिंदूवर जुळवाजुळव करणं बंद करा. चूक किती आहे यापेक्षा ती कोनाबरोबर कशी बदलते, हे बघितलं की दोषी बहुतेक वेळा आपोआप सापडतो. शून्याची चूक वेगळ्या पद्धतीने वाढते, स्फटिकाच्या थरांमधल्या अंतराची वेगळ्या. दुसऱ्या ऑर्डरची भेसळ (त्याच कोनात घुसणारे चौपट ऊर्जेचे न्यूट्रॉन) तर मुळात सरकत नाही, ती नवीन खोट्या खुणा उभ्या करते.

सूत्र एकदा समोर ठेवू

ब्रॅगची अट: न × लॅम्डा = २ × ड × साइन थीटा. इथे न म्हणजे ऑर्डर (१, २, ३ असा पूर्णांक), लॅम्डा म्हणजे न्यूट्रॉनची तरंगलांबी, ड म्हणजे परावर्तन करणाऱ्या थरांमधलं अंतर आणि थीटा म्हणजे शलाका त्या थरांशी करते तो कोन. न्यूट्रॉनची ऊर्जा मिली-ईव्हीमध्ये आणि तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये घेतली, तर ऊर्जा म्हणजे ८१.८ भागिले लॅम्डाचा वर्ग. दोन्ही एकत्र केली की

ऊर्जा = २०.४५ × न² ÷ (ड² × साइन² थीटा)

पडताळा हवा असेल तर: २५.३ मिली-ईव्ही म्हणजे १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे सेकंदाला २२०० मीटर वेग. हे तीन आकडे डोक्यात असले की कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्ह घसरलं तर लगेच कळतं.

या सूत्रातून निघणारी खरी कामाची ओळ मात्र वेगळी आहे. कोनात छोटी चूक आणि अंतरात छोटी चूक असली, तर ऊर्जेतली सापेक्ष चूक म्हणजे २ × कॉट थीटा × कोनाची चूक, अधिक २ × अंतराची सापेक्ष चूक. कोनाची चूक इथे रेडियनमध्ये घ्यायची. कोन जास्त वाचला गेला तर ऊर्जा कमी येते, अंतर जास्त धरलं तरी कमीच येते. पहिला भाग कॉट थीटासोबत वाढतो, दुसरा सगळीकडे सारखा राहतो. बाकी सगळं निदान या एका वाक्यावर उभं आहे.

शून्य चुकलंय की अंतर?

तांब्याचा २२० थर घ्या (२२०, १११ असे आकडे म्हणजे स्फटिकातल्या थरांच्या संचांची नावं), अंतर १.२७८ अँगस्ट्रॉम. समजा थीटाची पट्टी ०.१ अंश जास्त वाचते आहे. इंडियमचा १.४५७ ईव्हीचा रेझोनन्स खरा ५.३२ अंशावर आहे, पट्टी ५.४२ दाखवते, आणि सूत्र १.४०४ ईव्ही देतं. म्हणजे ३.६ टक्के कमी. आता त्याच पट्टीवर इरिडियम-१९१ चा ०.६५४ ईव्हीचा रेझोनन्स बघा. तो ७.९५ अंशाला असतो, तिथे कॉट कमी आहे, म्हणून ०.६३८ येतो, चूक जेमतेम अडीच टक्के. उलट दिशेला सोन्याचा ४.९०६ ईव्हीचा रेझोनन्स २.९ अंशाला येतो आणि तो चक्क ४.५८ वर दिसतो, साडेसहा टक्के खाली.

तीन धातू, तीन वेगळ्या टक्केवाऱ्या. आडव्या अक्षावर कॉट थीटा (साधारण ७.२, १०.७ आणि १९.८) आणि उभ्या अक्षावर टक्क्यांतली चूक मांडा. बिंदू एका रेषेत आले आणि ती रेषा मूळबिंदूतून गेली, तर शून्य चुकलंय आणि रेषेचा उतार अर्धा केला की किती चुकलंय तेही कळलं. रेषा आडवी निघाली, म्हणजे तिन्ही ठिकाणी टक्केवारी सारखी, तर कोन सोडून द्या आणि अंतर तपासा. रेषा तिरपी आहे पण मूळबिंदूतून जात नाही, तर दोन्ही गडबडी एकत्र आहेत. तीही परिस्थिती तुम्ही सुटी करू शकता, कारण उतार एकाचा आणि छेद दुसऱ्याचा.

अंतराची चूक होते कशी? बहुतेक वेळा साध्या कारणाने. संगणकाच्या फाइलमध्ये जुन्या स्फटिकाचा आकडा राहिलेला असतो. सिलिकॉनचा १११ थर ३.१३६ अँगस्ट्रॉम, जर्मेनियमचा ३.२६६. दिसायला दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण एकाच्या जागी दुसरा वापरला तर ऊर्जेत सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. स्फटिक बदलला त्या दिवसापासून आकडा बिघडला असेल तर आणखी काही बघायच्या आधी ती फाइल उघडा.

रेझोनन्सच्या पट्ट्या निवडताना एक काळजी घ्या. पट्टी पातळ असावी. जाड पट्टीत खड्डा तळाला सपाट होतो, त्याचा मध्य नेमका कुठे हे ठरवता येत नाही, आणि दोन बाजूंच्या उतारांमधल्या फरकाने तो सरकल्यासारखा वाटतो. कॅडमियमचा ०.१७८ ईव्हीचा रेझोनन्स हाताशी असतो म्हणून लोक तोच वापरतात, पण तो इतका रुंद आहे की बारीक कॅलिब्रेशनला त्याचा उपयोग नाही. आणि लहान कोनात यंत्राची स्वतःची रुंदीही कॉट थीटाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तांब्याच्या २२० ने सोन्याचा रेझोनन्स पाहताना एका टक्क्याच्या खाली काही सिद्ध करायचा हट्ट धरू नये. तिथे अधिक जवळचे थर असलेला स्फटिक घ्यावा लागतो.

थर्मल ऊर्जांवर रेझोनन्सऐवजी ओळखीची पावडर वापरणं सोयीचं. सिलिकॉनची पावडर लावायची, तिचे सगळे पीक (तीव्रतेची शिखरं) मोजायचे. पावडरच्या पीकची दुप्पट कोनातली चूक टॅन थीटाच्या प्रमाणात वाढत असेल तर तरंगलांबी चुकीची आहे. सगळ्या पीकना सारखीच चूक असेल तर पावडरच्या बाजूच्या डिटेक्टरचं शून्य हललंय, मोनोक्रोमेटरचा (शलाकेतून एक ऊर्जा निवडणाऱ्या स्फटिकाचा) त्यात काही दोष नाही. ही दोन शून्यं अनेकदा एकमेकांत मिसळली जातात आणि मग मोनोक्रोमेटरच्या नावावर नको ती दुरुस्ती जमा होते. डिटेक्टरचा हात शलाकेच्या दोन्ही बाजूंना जात असेल तर उत्तम: एकच पीक डावीकडे आणि उजवीकडे मोजा, दोन्हींचा मध्य म्हणजे खरं शून्य. मोनोक्रोमेटरबाबत ही चैन बहुधा मिळत नाही, कारण जाड शील्डिंगमुळे शलाका एकाच बाजूला बाहेर येते. तिथे उपाय असा की मोनोक्रोमेटर चार-पाच कोनांवर ठेवायचा, प्रत्येक वेळी पावडरने तरंगलांबी काढायची आणि त्या सगळ्या बिंदूंतून अंतर आणि शून्य दोन्ही एकदम फिट करायचे.

नेमका कुठला कोन?

इथे थोडं थांबायला हवं, कारण अनुभवी माणसंही इथे गोंधळतात. ऊर्जा काढताना तुम्ही स्फटिकाच्या टेबलाचा कोन वापरता की डिटेक्टरच्या हाताचा अर्धा कोन?

स्फटिकाचा मोझेइक मोठा असेल, म्हणजे त्यातले बारीक तुकडे एकमेकांशी पाव-अर्धा अंश कललेले असतील, आणि आधी व नंतर बारीक कोलिमेटर (शलाका एका दिशेत ठेवणाऱ्या अरुंद फटी) बसवलेले असतील, तर ऊर्जा ठरवतो तो दोन कोलिमेटरांमधला कोन. स्फटिक थोडा फिरलेला असला तरी त्यातला योग्य कललेला तुकडा सापडतो आणि परावर्तन करतो. मोजणी कमी होते, ऊर्जा फारशी हलत नाही. अशा यंत्रावर टेबलाचा कोन सूत्रात घातला तर स्फटिकाची चुकलेली बसवणी सरळ ऊर्जेत उतरते, आणि मग लोक स्फटिकाला दोष देतात.

उलट, स्फटिक जवळपास निर्दोष असेल, जसे पॉलिश केलेले सिलिकॉन, आणि कोलिमेटर सैल असतील, तर टेबलाचा कोन फार महत्त्वाचा. डिटेक्टर दुप्पट कोनापासून थोडा सरकला तरी त्याच्या उघड्या तोंडात शलाका येतच राहते.

तपासणी सोपी आहे. डिटेक्टर जागेवर ठेवा, स्फटिक मोझेइकच्या अर्ध्या रुंदीएवढा फिरवा, आणि रेझोनन्स किती सरकतो ते बघा. सरकला नाही तर हाताचा कोन वापरा. जवळजवळ तेवढाच सरकला तर टेबलाचा.

त्याच वेळी रॉकिंग कर्व्हही (स्फटिक हळूहळू फिरवत मोजलेल्या तीव्रतेचा आलेख) नीट बघून घ्या. एक गोल टेकाड हवं. दोन टेकाडं दिसली तर स्फटिकात दोन मोठे तुकडे आहेत किंवा तो क्लॅम्पमध्ये जास्त आवळून वाकलाय. तांबं मऊ असतं, जोरात आवळलं की त्याचा मोझेइक कायमचा बिघडतो. स्क्रू सैल केला तरी तो परत येत नाही.

स्फटिकाचा मध्य फिरण्याच्या अक्षावर नसेल तर तेही कोनाच्या चुकीसारखंच दिसतं. डिटेक्टर १ मीटरवर असताना परावर्तित शलाका १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर दुप्पट कोन ०.०५७ अंशाने चुकतो. थीटात त्याचं अर्धं. तांब्याच्या २२० वर इंडियमच्या जागी हे एक टक्का भरतं, म्हणजे सुमारे १५ मिली-ईव्ही. म्हणूनच शून्य शोधून दुरुस्त केलं, आणि स्फटिक काढून पुन्हा बसवल्यावर तीच चूक नव्या आकड्यासह परत आली, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे लागण्याआधी माउंटिंग बघा.

आणखी एक बारकावा आहे. मोनोक्रोमेटरमधून निघालेली शलाका आडव्या दिशेत एकजिनसी नसते. तिची एक बाजू थोड्या जास्त ऊर्जेची, दुसरी कमी. स्फटिकापासून २ मीटरवर ठेवलेला छोटा नमुना १ सेंटिमीटर बाजूला सरकला तर त्याला दिसणारा दुप्पट कोन ०.२९ अंशाने बदलतो. ग्राफाइटच्या ००२ ने १४.७ मिली-ईव्ही काढताना जास्तीत जास्त सव्वा टक्का, म्हणजे ०.२ मिली-ईव्हीपर्यंत फरक त्यातून येऊ शकतो. मोठा नमुना लावला की ऊर्जा बरोबर येते आणि छोटा लावला की चुकते, अशी विचित्र तक्रार आली तर कारण बहुधा हेच.

दुसऱ्या ऑर्डरची भेसळ

सूत्रात तो न² उगाच नाही. स्फटिक एका कोनात ठेवला की तुम्हाला हवी ती ऊर्जा तर येतेच, शिवाय तिच्या चौपट, नऊपट, सोळापट ऊर्जेचे न्यूट्रॉनही त्याच वाटेने बाहेर पडतात. डिटेक्टरला त्यांच्यातला फरक कळत नाही. बोलावलेल्या पाहुण्याबरोबर त्याचे भाऊबंद त्याच दारातून आत यावेत तसं हे आहे, फक्त इथे दारावर नावं विचारणारं कुणी नसतं.

खोटी खूण ओळखायची कशी? रेझोनन्सची पट्टी इथेही उपयोगी पडते. इंडियम लावून ऊर्जा खाली खाली आणत जा. ०.३६४ ईव्हीला पुन्हा एक खड्डा दिसला तर ती इंडियमची नवी खूण नव्हे. ०.३६४ ची चौपट १.४५७ होते. म्हणजे दुसऱ्या ऑर्डरचे न्यूट्रॉन शलाकेत आहेत आणि इंडियम त्यांना खातोय. पहिल्या ऑर्डरचा भाग तिथे ०.३६४ ईव्हीचा असतो, त्याच्यावर रेझोनन्सचा परिणाम नसतो, म्हणून पट्टी पुरेशी जाड असेल तर खड्डा जेवढा खोल तेवढी भेसळ, असा ढोबळ अंदाजही मिळतो. इथे जाड पट्टी चालते, उलट हवीच.

थर्मल ऊर्जांवर बोरॉनचे पातळ पत्रे वापरा. बोरॉन न्यूट्रॉन शोषतो ते वेगाच्या व्यस्त प्रमाणात. दुसऱ्या ऑर्डरचा न्यूट्रॉन दुप्पट वेगाचा, म्हणून त्याचं शोषण निम्म्या घातांकाने होतं. ज्या पत्र्याने पहिली ऑर्डर शंभरावा भाग उरते, त्याच पत्र्याने दुसरी दहावा भाग उरते. सुरुवातीला भेसळ फक्त पाच टक्के असली तरी एका पत्र्यानंतर जे उरतं त्यातला तिसरा हिस्सा भेसळीचा असतो, आणि दोन पत्र्यांनंतर उरलेल्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग भेसळच. पत्रे एकेक वाढवत मोजणीचा लॉगरिथम जाडीपुढे मांडा. सरळ रेषा आली तर शलाका स्वच्छ. शेपूट वर वाकली तर भेसळ आहे. मात्र हे करण्याआधी बॅकग्राउंड वजा करा, कारण न वजा केलेलं बॅकग्राउंडही शेपूट अशीच वाकवतं. स्फटिक ब्रॅग कोनापासून दोन-तीन अंश बाजूला फिरवून जे मोजलं जातं ते बॅकग्राउंड म्हणून घ्या.

टाइम-ऑफ-फ्लाइटची (न्यूट्रॉनला ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ मोजण्याची) सोय असेल तर वाद मिटतो. शलाकेत छोटा चॉपर (शलाका तुकड्या-तुकड्यांनी सोडणारी फिरती चकती) ठेवा. १४.७ मिली-ईव्हीचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे १६८० मीटर धावतो, २ मीटरला त्याला १.१९ मिलिसेकंद लागतात. दुसरी ऑर्डर निम्म्या वेळात पोचते, तिसरी एक तृतीयांश वेळात. पडद्यावर वेगवेगळे पीक दिसतात, आणि मुख्य पीकच्या वेळेवरून ऊर्जेचा स्फटिकाशी संबंध नसलेला पडताळाही मिळतो. एखाद्या प्रयोगशाळेत ही सोय असून कोपऱ्यात पडून असेल तर मला खरंच वाईट वाटतं.

भेसळ सापडली की उपाय ऊर्जेवर अवलंबून. ५ मिली-ईव्हीच्या खाली काम असेल तर बेरिलियमचा फिल्टर. पॉलिक्रिस्टलाइन बेरिलियम ३.९६ अँगस्ट्रॉमपेक्षा लांब तरंगलांबीचे, म्हणजे ५.२ मिली-ईव्हीच्या खालचे न्यूट्रॉन सोडतो आणि वरचे विखरून टाकतो. तो लिक्विड नायट्रोजनने थंड ठेवला तर पार होणारे न्यूट्रॉन आणखी वाढतात. १३.७, १४.७, ३०.५ आणि ४१ मिली-ईव्ही या ठरावीक ठिकाणी पायरोलिटिक ग्राफाइटचा काही सेंटिमीटर जाड फिल्टर उत्तम चालतो. लोक १४.७ च पुन्हा पुन्हा का वापरतात त्याचं हेच कारण आहे. पण हा फिल्टर म्हणजे दार नव्हे, अरुंद खिडकी आहे. तो शलाकेच्या दिशेत काही अंश तिरका बसला की खिडकी सरकते. फिल्टर लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका, लावल्यावर पत्र्यांची चाचणी पुन्हा करा.

सिलिकॉन किंवा जर्मेनियमचा १११ वापरण्यामागे हाच हेतू असतो. त्यांच्या हिऱ्यासारख्या रचनेत २२२ थराचं परावर्तन जवळजवळ शून्य असतं, त्यामुळे दुसरी ऑर्डर येत नाही. तिसरी मात्र येते, ती नऊपट ऊर्जेची.

एक लबाड परिणाम राहिलाच. मॉनिटर. शलाकेतला हा पातळ डिटेक्टर आलेले न्यूट्रॉन मोजतो आणि ठरलेला आकडा भरला की मोजणी थांबवतो; तोही वेगाच्या व्यस्त प्रमाणात मोजतो, म्हणजे दुसऱ्या ऑर्डरचा न्यूट्रॉन त्यात निम्म्या संभाव्यतेने मोजला जातो. मोजला जातो हे मात्र खरं. ऊर्जा कमी करत गेलात की दुसरी ऑर्डर रिअॅक्टरच्या स्पेक्ट्रमच्या शिखराजवळ येते, भेसळीचं प्रमाण वाढतं, मॉनिटर लवकर भरतो, आणि तुमची मोजणी नेहमीपेक्षा लवकर थांबते. परिणामी कमी ऊर्जेच्या बाजूची तीव्रता खोटीच कमी दिसते. रुंद पीक असेल तर त्याचा मध्य वरच्या ऊर्जेकडे ढकलला जातो. कोनात एक आर्क-सेकंदाचीही (अंशाच्या ३६०० व्या भागाचीही) चूक नसताना ऊर्जा चुकते ती अशी. मॉनिटरची भेसळ प्रत्येक ऊर्जेवर एकदा मोजून तक्ता करून ठेवा आणि त्याने भागा. यंत्राच्या आयुष्यात हे काम थोड्या वेळाचं असतं, तरी बहुतेक ठिकाणी कुणी केलेलं नसतं.

तीन अक्षांच्या यंत्रावर

बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांनी चॉक रिव्हरला तीन अक्षांचा स्पेक्ट्रोमीटर उभा केला (१९९४ चं नोबेल त्यांना क्लिफर्ड शल यांच्यासोबत मिळालं). या यंत्रात नमुन्याच्या आधी मोनोक्रोमेटर आणि नंतरची ऊर्जा निवडणारा अॅनलायझर असे दोन स्फटिक असतात, म्हणजे भेसळीच्या शक्यता गुणाकाराने वाढतात. मोनोक्रोमेटरची दुसरी ऑर्डर आणि अॅनलायझरची तिसरी यांची ऊर्जा जुळली, तर नमुन्यात काहीही न घडता, साध्या इलॅस्टिक (ऊर्जा न बदलणाऱ्या) विखुरण्यातून, पडद्यावर उत्तेजनेचा पीक उभा राहतो. अॅनलायझर १४.७ मिली-ईव्हीवर स्थिर असेल तर हा खोटा पीक १८.४ मिली-ईव्ही ऊर्जा-हस्तांतरावर (न्यूट्रॉनच्या आधीच्या आणि नंतरच्या ऊर्जेतल्या फरकावर) येतो. ठरवायचं कसं? अॅनलायझर १३.७ वर न्या. खरी उत्तेजना त्याच हस्तांतरावर राहील, खोटी १७.१ वर सरकेल. नवीन शोधाची बातमी पसरवण्याआधी एवढं करायला हरकत नाही.

अचानक पडणारे खड्डे

काही वेळा ऊर्जा बरोबर असते, पण मोनोक्रोमेटरचा स्पेक्ट्रम मोजताना मध्येच तीव्रता एकदम पडते आणि पुन्हा वर येते. पट्टी नाही, नमुना नाही, तरी खड्डा. हे बहुधा एकाच वेळी दुसऱ्या थराने केलेलं परावर्तन असतं. त्या ऊर्जेला स्फटिकातले आणखी एक थर ब्रॅगच्या अटीत बसतात आणि शलाकेचा काही भाग दुसऱ्या दिशेला पळवतात. चाचणी: स्फटिक परावर्तनाच्या दिशेभोवती, म्हणजे थरांना लंब असलेल्या अक्षाभोवती काही अंश फिरवा. ब्रॅग कोन बदलत नाही, पण असे खड्डे जागा बदलतात. खरा रेझोनन्स जागचा हलणार नाही. तांबं आणि जर्मेनियममध्ये हा त्रास नेहमीचा. जर्मेनियममध्ये याची उलट बाजूही दिसते: बंदी असलेला २२२ अशाच आडवाटेने थोडासा जिवंत होतो. पायरोलिटिक ग्राफाइटमध्ये थरांच्या प्रतलातली दिशा तुकड्या-तुकड्याला वेगळी असते, त्यामुळे असे तीक्ष्ण खड्डे पडत नाहीत.

ज्यांना उगीच दोष दिला जातो

तापमान. हॉलमधला एसी बंद पडला की ऊर्जा सरकली असं हमखास ऐकू येतं. हिशेब करा. तांबं एका अंशाला लाखात सुमारे १.७ भाग प्रसरण पावतं, ग्राफाइट थरांच्या लंब दिशेत लाखात सुमारे २.७. ग्राफाइट १० अंश तापला तरी अंतर ०.०२७ टक्के वाढतं आणि १४.७ मिली-ईव्हीतून फक्त ०.००८ कमी होतात. ०.१ अंश कोनाच्या चुकीने त्याच जागी ०.१४ जातात. बॅकस्कॅटरिंगच्या यंत्रांची (जिथे शलाका स्फटिकावरून जवळजवळ सरळ मागे फिरते) गोष्ट वेगळी, तिथे स्फटिक मुद्दाम तापवून ऊर्जा बदलली जाते. इतरत्र तापमान तपासायचंच असेल तर स्फटिकाचं नको, यंत्राच्या लोखंडी हाताचं आणि पायाचं तपासा. तो हात वाकला तर मात्र कोन खरंच बदलतो.

डिटेक्टरचं व्होल्टेज, डिस्क्रिमिनेटरची (लहान सिग्नल गाळणाऱ्या सर्किटची) पातळी. यांनी मोजणी बदलते, बॅकग्राउंड वाढतं, पण पीकची जागा सहसा हलत नाही. आकडा सरकलाय म्हणून व्होल्टेज फिरवू नका.

मोटर आणि गिअर यांना मात्र दोष द्यायला हरकत नाही. थीटा आणि दुप्पट थीटा यांची जोडी सुटली, किंवा मोटरने पावलं गाळली, तर चूक एका ठरावीक क्षणापासून सुरू होते आणि नंतर तशीच राहते. कॉट थीटाच्या आलेखात ती शून्याच्या चुकीसारखीच दिसेल, फक्त तारीख वेगळी. स्पेक्ट्रम वरून खाली मोजला तर एक उत्तर आणि खालून वर मोजला तर दुसरं येत असेल, तर तो गिअरमधला ढिलेपणा. दोन उत्तरांतला फरक सगळ्या कोनांना अंशांत सारखाच असतो. नेहमी एकाच दिशेने कोनावर यायचं, उलट दिशेने जायची वेळ आली तर अर्धा अंश पुढे जाऊन परत यायचं. एन्कोडर (कोन वाचणारं उपकरण) गिअरच्या आधी, मोटरच्या दांड्यावर बसवला असेल तर त्याचा आकडा या बाबतीत काहीच सांगत नाही. तो टेबलावरच हवा.